कुंटे सरांचा समतोल

आमच्या शेजारचे कुंटे सर सकाळी दार उघडलं की नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत. "किती वाजता भरलंत?" एवढंच विचारतात. माझ्या नणंदेला विचारलं तेव्हा तिला वाटलं, लेकीच्या अकरावीच्या फॉर्मबद्दल आहे. "अजून लिंकच उघडत नाहीये हो," म्हणाली बिचारी.

सर विचारतात ते पाण्याबद्दल. विचुंब्यातल्या आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी दीडच तास सोडतात. सगळे एकदम नळ उघडायचे आणि आम्हा वरच्या मजल्यांना नुसता फुसफुस आवाज. सेक्रेटरींनी वेळापत्रक लावलं. ते कुणी पाळलं नाही, कारण ते सेक्रेटरींनी लावलं होतं.

मग सर पुढे आले. उभा जन्म इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलं आणि संशोधन केलं ते असल्याच भांडणांवर. खेळाडू पुष्कळ, प्रत्येकाला फक्त आपले शेजारी दिसतात, वरून हुकूम सोडणारा कोणी नाही. तरी सगळे समतोलाला पोचतील कसे?

"समतोल म्हणजे एकट्यानं हलून कुणाचाच फायदा नाही, अशी अवस्था," सर म्हणाले. "रोज शेजारी, वर, खाली विचारायचं आणि आपली वेळ जराशी सरकवायची. पाऊल लहान!"

मी एकदा घाईत चाळीस मिनिटं सरकले, तर तीन मजल्यांचं पाणी बिघडलं. "वहिनी, हे पाऊल की उडी?" सर कळवळून म्हणाले. आमच्या ह्यांनी एकदा वेळ खोटी सांगितली, तर सरांनी तळमजल्यापासून माग काढत ती आमच्याच बाथरूमपर्यंत आणली.

पण विचारणं सुरू झालं हे खरं. वरच्या म्हात्रेकाकू मूळच्या गव्हाणच्या. त्या जिन्यातूनच ओरडत यायच्या, "सर, आमी धा मिंटं पुढं गेलो, तुमी कवा भरताव?" सरांची बेल दिवसातून सहादा वाजायची आणि प्रत्येकाला चहा मिळायचा.

तिसऱ्या आठवड्यात पाणी सगळ्यांना पुरलं. समतोल आला. सर तरीही विचारायचे, पण आम्ही "तीच वेळ, सर" म्हणत लिफ्टमध्ये शिरायचो.

आणि पंधरा दिवसांत नळ पुन्हा फुसफुसले.

मी सरांकडे चौकशीला गेले. ते खुर्चीत अपराध्यासारखे बसले होते.

"मीच हललो," म्हणाले. "वीस मिनिटं."

"पण सर, एकट्यानं हलून फायदा नसतो ना?"

"पाण्याचा नाही. ही गेल्यापासून या घराची बेल वाजत नव्हती, वहिनी. ते तीन आठवडे वाजत होती. माझ्या गणितात मी बेल धरलीच नव्हती."

ह्या माणसाच्या 'पाऊल लहान'ची आम्ही किती टिंगल केली होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात म्हात्रेकाकू, हातात रिकामी बादली. "सर, आमचे नलाला पानी नाय! कोन हललंय?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मीच म्हणाले, "मी हलले, काकू."

"काय बाय तुमी पन!" काकूंनी बादली खाली ठेवली आणि सोफ्यावर बसल्या. "आता सगल्यांना पयल्यापासून विचारावा लागंल."

"विचारावंच लागेल," सर म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला लगबगीनं आत गेले.