फुकट बघायचं न्हाय

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गॅसची टाकी आणणारा माणूस इंगवले सरांचं घर सगळ्यांत शेवटी घेतो. कारण तिथं नुसती टाकी देऊन सुटका होत नाही, तोंडी परीक्षा द्यावी लागते. सर दारात आडवे उभे राहतात आणि विचारतात, "सांगा पावणं, इंजिनाला फ्लायव्हील कशाला असतंय?"

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या बगलेला फिरणारं जड लोखंडी चाक, एवढं मला सरांच्या शेजारात राहून कळलं. ते असतं कशाला, हे मात्र वीस वर्षांत कळलं नव्हतं. कारण सर उत्तर कधी सांगतच नसत. "उद्या वाचून या," म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. पोस्टमन, केबलवाला, मी, सगळे उद्या वाचून येणाऱ्यांत. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी सोडलं नाही. त्यानं हात जोडून सांगितलं, "सर, निवडून आलो की पहिलं काम त्येच. आपल्या वॉर्डात बसवून घेतो."

लग्नाआधी वहिनींना बघायला गेले तेव्हाही पोह्यांची बशी बाजूला सारून हाच प्रश्न. वहिनी अजून हसत सांगतात, "मी म्हटलं, मला न्हाय ठावं, तुम्हाला तरी येतंय काय? तर ह्यांचं तोंड लालभडक! पोह्यात मिरची लागली म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्याले. मला वाटलं, गरीब हाय माणूस, चालतंय."

सर मूळचे आजऱ्याकडचे. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होते. मी त्याच कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे, त्यामुळे ते मला घरीही "देसाईबाई" म्हणतात, तेही हजेरी घेतल्यासारखं. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला कॉलेजात आफ्रिकेतली मुलं यायला लागली. कुणी मलावीचं, कुणी टांझानियाचं, कुणी सुदानचं. हुशार मुलं, पण त्यांना कुणी खोली देईना. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही आणि माणसं उभ्यानं जात. मला याची लाज वाटायची, पण मी केलं काहीच नाही. सरांनी केलं. मलावीच्या डॅनियलला त्यांनी एका दुपारी घरी आणलं, जेवू घातलं आणि हात धुवायच्या आत फ्लायव्हील विचारलं. पोरानं इंग्रजीत धडाधड उत्तर दिलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सरांनी वरच्या खोलीची किल्ली आणून त्याच्या हातावर ठेवली.

तेव्हापासून दर रविवारी सरांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, या मुलांचा वर्ग भरतो. "फी एकच," सर सांगतात. "कळलं न्हाय तर कळलं न्हाय म्हणायचं."

डॅनियल शिकून गेला आणि त्या खोलीत नीमा आली. टांझानियाची, मेकॅनिकलची. तिची ड्रॉइंगं इतकी स्वच्छ की सर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. लेखी पेपरांत पहिल्या पाचांत. आणि तोंडीत नापास. बाहेरगावच्या परीक्षकांपुढे पोरगी दहा मिनिटं उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. आता फेरपरीक्षा होती. त्यातही गेली तर तिच्या देशानं दिलेली शिष्यवृत्ती बंद, शिक्षण बंद, सरळ घरी.

वहिनींच्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता तिनं सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. "मला सगळं येतं. पण मी बोलायला लागले की इथली माणसं ऐकत नाहीत, बघतात. मग माझा आवाज मलाच ऐकू येत नाही."

सर दाराशी उभे होते. तसेच मागं फिरले. पुढचे दोन दिवस त्यांनी कुणाला प्रश्न विचारला नाही. गॅसवाल्यानं टाकी ठेवली, थोडा वेळ थांबला आणि घाबरून वहिनींना विचारलं, "सरांची तब्येत बरी हाय न्हवं?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर नीमाला घेऊन दूध कट्ट्यावर गेले. मीही गेले. आमच्या कट्ट्यावर म्हशी रांगेनं उभ्या असतात आणि डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तालमीतली पोरं, भाजी घेऊन निघालेल्या बायका, म्हातारेकोतारे, सगळे जमतात. नीमा आली आणि सगळ्यांचे ग्लास हवेत थांबले. एकानं मोबाइल काढला.

सर पायरीवर चढले. "आयका! ही पोरगी इंजिनेर हुणार हाय. हिला बघायचं आसंल तर यंत्राचा एक प्रश्न विचारायचा. फुकट बघायचं न्हाय!"

कोल्हापूरकराला असं डिवचलं की तो मागं हटत नाही. "विचारू की, त्यात काय!" एक पैलवान पुढं झाला. "बुलेटचा आवाज आसा डुगडुग का येतोय?" नीमा पुटपुटली. सर ओरडले, "मोठ्यानं! म्हशीला ऐकू गेलं पायजे!" एका मावशींनी कुकरची शिट्टी कशी वाजते ते विचारलं. दूधवाल्या मारुतीनं विचारलं, "मशिनीनं धार काढली तर दूध कशानं ओढतंय?" नीमा अडखळत, हातवारे करत सांगत होती. सर तिला एका शब्दाची मदत करेनात. "मी मधी न्हाय. तिचं ती बघंल."

एक म्हातारी बराच वेळ निरखत होती. "बाळा, केसाच्या ह्या एवढ्या बारीक येण्या घालायला किती वेळ लागतोय गं?"

"प्रश्न सिलॅबसच्या भायेरचा!" सर गरजले. "रद्द!"

"पाच तास, आज्जी," नीमा म्हणाली आणि कोल्हापुरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

मग हा रोजचा कार्यक्रमच झाला. महिनाभरात नीमा "व्हय की", "तसं न्हाय वो" असं ठसक्यात बोलायला लागली. लोक प्रश्नांची तयारी करून यायला लागले. पैलवानानं तर आयटीआयतल्या भाच्याकडून अवघड प्रश्न लिहून आणला आणि उत्तर आल्यावर भाच्यालाच फोन करून झापलं. नुसतं बघत बसायला कुणाला सवडच उरली नाही.

फेरपरीक्षेच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले. पण नीमा आत गेल्यावरही ते जिन्यापाशीच उभे राहिले, परीक्षेच्या खोलीपासून चांगली वीस पावलं लांब. मी म्हटलं, "सर, दाराजवळच्या बाकावर बसा की."

"नगं. त्या दाराचं आणि माझं जमत न्हाय, देसाईबाई."

शर्टाच्या बाहीची घडी ते पुन्हा पुन्हा मोडून घालत होते. जगाची तोंडी घेणारा हा माणूस असा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मग तेच बोलले. "डिप्लोमाला हुतो. कॉलेज दुसरं, दार आसलंच. परीक्षक दोघं हुते. एकानं पयलाच प्रश्न विचारला, फ्लायव्हील कशाला आसतंय. येत हुतं हो मला! पण ती दोघं माझ्या इजारीच्या ठिगळाकडं बघून हसाय लागली. जीभच उचलंना. दुसऱ्यांदा गेलतो, तसंच झालं. तिसऱ्यांदा दारातनंच परत आलो. मग लेथ मशिनवर कामाला लागलो."

"वहिनींना माहीत आहे?"

"न्हाय. तिला बघायला गेलतो तवाच तिनं विचारलं हुतं, तुम्हाला तरी येतंय काय म्हणून. अजून उत्तर दिल्यालं न्हाय."

तेवढ्यात आतून नीमाचा आवाज आला, थेट जिन्यापर्यंत, म्हशीला ऐकू जाईल एवढा. "व्हय की सर!" आणि पाठोपाठ परीक्षकांचं हसणं. ती बाहेर आली तेव्हा परीक्षक स्वतः दारापर्यंत आले आणि तिच्याशी हात मिळवून म्हणाले, "पास झालीस. निर्धास्त जा."

मला राहवलं नाही. सर नको नको म्हणत असताना मी तिला सगळं सांगून टाकलं. नीमानं फाइल बाकावर ठेवली, ओढणी नीट केली आणि सरांना हाताला धरून त्या दारासमोर आणलं.

"उभं राहा, सर. सांगा, इंजिनाला फ्लायव्हील कशाला असतंय?"

सरांचे ओठ हलले, आवाज फुटेना. शिपाई थांबला, पोरं थांबली, सगळी बघायला लागली. नीमा त्या बघणाऱ्यांकडं वळली. "फुकट बघायचं न्हाय! ऐकायचं."

"चार स्ट्रोक आसत्यात," सर हळू म्हणाले. मग आवाज चढला. "त्यातला एकच जोर देतोय. बाकीच्या तिनात इंजिन बंद पडायचं. म्हणून जोर आसतोय तवा चाक त्यो साठवून ठेवतंय. आन् नसतोय तवा परत देतंय!"

"बरोबर. पास."

सर त्या दाराजवळच्या बाकावर मटकन बसले. रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "मार्क किती?"

घरी पोचल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. उंबऱ्यातूनच वहिनींना हाक मारली आणि चार स्ट्रोकांचं उत्तर पहिल्यापासून सांगितलं, ठिगळासकट. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. पदर डोळ्यांना लावला.

"येतंय की तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि पोहे भिजवायला आत गेल्या.