डॉ. हालास यांचा सत्कार आणि माइकची व्यवस्था

विज्ञानाला देशांच्या सीमा नसतात. (म्हणूनच पाहुणा कितीही लांबून आला, तरी त्याला फेटा बांधता येतो.) गेल्या जानेवारीत, म्हणजे १९७१ साली, श्रीगोंदे तालुक्यातल्या आमच्या कॉलेजाने हे सिद्ध करून दाखवलं.

आमचे फिजिक्सचे प्राध्यापक सहादेव दरेकर यांनी आकाशातून येणारे विश्वकिरण मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. त्यावरून बुडापेस्टच्या डॉ. हालास यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. शेवटी डॉक्टरांनी कळवलं, की पुण्याला परिषदेसाठी येतोय, एक दिवस तुमच्याकडे काढतो. यंत्र पाहून पटलं, तर तुम्हाला वर्षभर आमच्या प्रयोगशाळेत घेतो. सरांनी त्याच आठवड्यात गरम कोट शिवायला टाकला.

पण परदेशचा पाहुणा एका माणसाकडे येत नसतो, संस्थेकडे येतो. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, जे साखर कारखानाही चालवतात, त्यांनी ताबडतोब आंतरराष्ट्रीय सहकार्य समिती नेमली. तीत ऊस, पाटपाणी, दूध आणि बँक या सर्व शास्त्रांना प्रतिनिधित्व मिळालं. फिजिक्सकडे माइक आला. हे रास्तच होतं. ज्याला विजेचं कळतं त्याने माइक सांभाळायचा, हा आपल्या उच्च शिक्षणाचा पायाच आहे.

कार्यक्रम असा ठरला: पाहुण्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, राहिलेले रुसू नयेत म्हणून त्यांचा सत्कार, भाषणं, भोजन, पुन्हा भाषणं (भोजनामुळे काहींची राहिली असती). आणि तळाशी बारीक अक्षरात, ‘वेळ उरल्यास प्रयोगशाळा’.

डॉ. हालास गुलाबी फेट्यात फार शोभले. दरेकर कुठे आहेत, असं त्यांनी प्राचार्यांना पुन्हापुन्हा विचारलं. ते अत्यंत महत्त्वाच्या कामात आहेत, असं प्राचार्यांनी प्रत्येक वेळी खरंखरं सांगितलं. सर व्यासपीठामागे अॅम्प्लिफायरपाशी बसले होते. एकदा ते उठून पुढे आले, तेवढ्यात आबासाहेबांचं भाषण खरखरायला लागलं.

“सर, आधी आवाज बघा,” आबासाहेब माइकवरूनच म्हणाले. “तुमचं फिजिक्स काय पळून चाललंय व्हय?”

सभेने टाळ्या वाजवल्या. सर परत जागेवर गेले.

ऊन कलल्यावर डॉक्टर उत्तराला उभे राहिले. मी एका माणसाचं यंत्र पाहायला आलो होतो, तो माणूसच भेटला नाही, याचं फार वाईट वाटतं, असं ते इंग्रजीत म्हणाले. पाहुण्यांना आपला तालुका अतिशय आवडला, असं प्राचार्यांनी भाषांतर केलं.

मग मात्र सरांना राहवेना. ते धावत व्यासपीठावर चढले. माइकवाला धावत आला म्हणजे माइक बिघडला, हे सगळ्यांनी ओळखलं आणि वाट करून दिली. डॉक्टरांनी मोठ्या सौजन्याने माइक त्यांच्या हातात दिला, वर पाठही थोपटली.

“मीच दरेकर,” सर इंग्रजीत म्हणाले.

पण ते उभे होते कर्ण्यासमोर, आणि मागे बटणापाशी कोणीच नव्हतं. कर्ण्याचा आवाज माइकात शिरला, की पुन्हा कर्ण्यातून निघतो, पुन्हा माइकात जातो, आणि अशी शिट्टी सुटते की बैल दावं तोडतात. (पहिल्या वर्षाला हे सरच शिकवतात.) त्या शिट्टीत सरांचं नाव बुडालं. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. आबासाहेबांनी त्यांना काळजीपूर्वक जीपमध्ये बसवलं आणि जीप पुण्याकडे निघून गेली.

सरांनी नंतर पत्राने सगळं कळवलं. डॉक्टरांचं हळहळीचं उत्तर आलं. पण न पाहिलेल्या यंत्रावर माणूस घ्यायला त्यांच्याकडची समिती तयार नव्हती. सरांचं फार मोठं नुकसान झालं, हे मी स्पष्टच म्हणतो.

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. एवढ्या बुद्धीच्या माणसाची कदर झाली नाही, निदान त्याचा एक जाहीर सत्कार तरी व्हायला हवा, असं तुमच्या मनात आलंच असेल. आमच्याही आलं. सभा येत्या रविवारी आहे, तुम्ही जरूर या. माइकचं सरांना सांगून ठेवलंय.