जोगी वाघळाच्या वतनाची हकीकत

श्री राईदेवी समर्थ. आधी देवीस दंडवत, मग देवीच्या अंगाखांद्यावर वाढणाऱ्या मुक्या लेकरांस, आणि मग त्या वाक्यास, ज्यापासून ही हकीकत निघाली. ते वाक्य म्हाळसाबाईंचे. म्हाळसाबाई राईदेवीच्या पूजेच्या मानकरी. अंतकाळी सून आवडाबाई उशाशी बसली होती, तिचा हात हाती घेऊन बोलल्या, "आवडे, रोजचे पहिले फळ जोग्याचे. ते राईत टांगायचे. त्याने खाल्ले की मग आपण घास घ्यायचा, त्याने न खाल्ले तर आपल्यालाही उपास. आणि कोणी विचारील, जोगी आहे का, तर आहे म्हणून सांगायचे. माझ्या सासूबाई सांगत आल्या, मी सांगत आले, आता तू." आवडाबाई "होय आत्याबाई" म्हणाल्या, आणि ते वचन पंचवीस वर्षे एक दिवस न चुकता पाळिले.

शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर. दक्षिण समुद्रात, किनाऱ्यापासून तारवाने सहा दिवसांचे वाटेवर एक बेट, तेथील हे राज्य. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. मुलूख लहान, पाऊस उदंड, माड पोफळी फणस यांस तोटा नाही. ते समयी महाराज होडीत बसून खाडीमुखी फिरावयास गेले असता एक समुद्रगाय पिलास छातीशी धरून दूध पाजताना दृष्टीस पडली, तेव्हा महाराज बोलिले, "ही तर आमची रयत. आमच्या दफ्तरी हिचे नाव का नाही?" मग हुकूम जाहला की बेटावर आणि बेटाच्या पाण्यात जे जे पिलांस दूध पाजते, त्या सर्वांची गणती करावी, आणि ज्याचे जैसे दिवस चालले असतील तैसा शेरा नावापुढे लिहावा. शेरे पाच ठरविले: सुखरूप, काळजीचे, संकटी, अखेरच्या घटकेचे, आणि निमाले. या कामी भिवाजी अनंत यांस गणतीनीस नेमिले. भिवाजीपंत अक्षराने मोत्यासारखे, वृत्तीने सरळ, मात्र वाघळास फार भीत. लहानपणी कोणी सांगितले होते की वाघूळ केसांत शिरले म्हणजे डोके भादरल्यावाचून निघत नाही, ते मनातून गेले नव्हते.

गणती चालली, तेव्हा असे नजरेस आले की बेटाचे मूळ वतनदार थोडे आणि उपरे फार. उंदीर तारवांतून दोरावरून उतरून आले आणि कोठारे काबीज केली. मग उंदरांवर मोहीम म्हणून मांजरे आणविली, तर मांजरांनी चार दिवस लढाई दिली आणि पुढे उंदरांशी सलूख करून पाखरांची घरटी लुटली. मग सापांवर मुंगूस आणिले. साप रात्री हिंडणारे, मुंगूस दिवसा हिंडणारे, दोन्ही फौजांची गाठच पडेना, आणि कोंबड्या मात्र कमी जाहल्या. डुकरे आणि शेळ्या कोणा खलाशांनी सोडिल्या त्या रानभर जाहल्या. या सर्वांपुढे भिवाजीपंतांनी ठळक अक्षरी 'सुखरूप' लिहिले. मूळ वतनदार म्हणावे तर पंख असलेलेच, कारण इतक्या दूर पाण्यावरून चालत कोण येतो? गुहेतील पाकोळ्या, म्हणजे किडे खाऊन राहणारी बारकी वाघळे, त्यांपुढे 'काळजीचे'. पाण्यात गादे, तारवापुढे उसळ्या मारणारे, ज्यांस लोक मासे म्हणतात परंतु पिलांस पाजतात, ते 'सुखरूप'. समुद्रगाय 'संकटी', कारण जाळ्यात गुंतून बुडते. आणि राहता राहिले जोगी वाघूळ. अंग काळे, मान भगवी, म्हणून जोगी. बेटावर फळे खाऊन राहणारे वाघूळ हे एकच, आणि देवीच्या राईतील उंडीची झाडे हे त्याचे पिढीजात वतन. राजाज्ञा अशी की जोवर जोगी आहे तोवर राईस कुऱ्हाड लागू नये. परंतु सहा वर्षांमागे मोठे वादळ जाहले, राईची पाने फांद्यांसकट गेली, आणि त्यानंतर जोग्यांचा थवा कोणी पाहिला नाही. गाव म्हणे, गेले ते. आवडाबाईंस ठाऊक होते की सगळे गेले नाहीत. राईत आत, ओढ्यापलीकडे, त्यांखेरीज कोणी जात नसे. तेथे टांगलेला पेरू रोज पहाटेस नाहीसा होई आणि झाडाखाली चोथा पडलेला असे. तो बघून आवडाबाई हात जोडीत आणि घरी येऊन पेज घेत.

श्रावणात भिवाजीपंत गावी आले. आता आवडाबाईंचा चातुर्मासाचा नेम काष्ठमौनाचा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत बोलावयाचे नाही, हाताने खुणावयाचे नाही, मान हलवावयाची नाही. लाकूड जैसे असते तैसे. पंतांस हे कोणी सांगितले नाही. घरात बोलते माणूस म्हणजे थोरली जाऊ ठकूबाई, त्या लेकीच्या बाळंतपणास गेलेल्या. पंत ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि अदबीने विचारिते जाहले, "बाई, राईची पूजा तुमच्याकडे. जोगी वाघूळ उरले नाही म्हणतात. खरे ना?" आवडाबाई उभ्या. पंतांनी दुसऱ्यांदा विचारिले. आवडाबाईंच्या जिभेपर्यंत आत्याबाईंचे वाक्य आले, आणि दातांशी देवीचा नेम आडवा जाहला. त्यांनी मनात म्हटले, हे आणखी कोणास विचारतील, एका बाईच्या बोलण्यावर दफ्तर थोडेच चालते? पंतांनी तिसऱ्यांदा विचारिले. आणि त्या दरबारचा कायदा असा की तीन वेळा पुसून जो उगा राहील, त्याने कबूल केले असे समजावे. 'ठाऊक नाही' असा शेरा पाचांत नव्हता, असता तरी पंतांस लिहिता लाज वाटती. त्यांनी टाक बुडविला आणि लिहिले, 'जोगी वाघूळ: निमाले. देवीच्या पूजेकरिणीची कबुली.' आणि नमस्कार करून गेले.

मग कार्तिकी द्वादशीस नेम सुटला, आवडाबाईंनी देवीपुढे पहिला शब्द "आई" असा उच्चारिला आणि बाहेर येऊन पाहतात तो राईच्या कडेच्या उंडीस चुन्याचे पट्टे. ठकूबाई परतल्या होत्या, त्या पदर खोचून उभ्याच. म्हणाल्या, "बघितलेस गो? वतनदार निमाला, वतन सरकारजमा. गलबतांच्या डोलकाठ्या करणार आहेत. कोणी म्हणे पूजेकरिणीनेच कबुली दिली!"

"मी कबुली दिली नाही, जाऊबाई. मी गप्प होते."

"तेच ते! वर्षभर तुला गप्प बस म्हणावे लागत नाही इतकी तू गरीब, आणि चार महिने ती गरिबी देवीला वाहतेस. देवीला काय, ती हसतमुखाने घेते. मला विचारशील तर पुढच्या वर्षी वांगी सोड."

आवडाबाई रडल्या नाहीत. त्यांनी कोनाड्यातून एक फडके काढले. त्यात वाळलेले चोथे होते, आठवड्यास एक याप्रमाणे ठेवलेले, का ठेविले ते त्यांनाही सांगता आले नसते. ते फडके कमरेस लावून, मागे फळ टांगावयाचे ठकूबाईंवर सोपवून, त्या एक दिवस चालून राजधानीस गेल्या.

दरबारी उभ्या राहिल्या तेव्हा आवाज इतका बारीक की चोपदार म्हणाला, "बाई, मोठ्याने." महाराज म्हणाले, "असू दे, आम्हीच जवळ येतो," आणि गादीवरून उतरून आले. आवडाबाईंनी सारे सांगितले. महाराजांनी विचारिले, "बाई, बोलला नाहीत ते समजले. पण मान तरी हलवायची?"

"काष्ठमौन होते, महाराज. काष्ठ मान हलवीत नाही."

"आणि तुम्ही काष्ठ राहिलात म्हणून सारी राई काष्ठ होणार होती," महाराज हळू बोलिले. त्यात राग नव्हता, म्हणून ते आवडाबाईंस अधिक लागले. त्या म्हणाल्या, "मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. खाऊ घाल आणि विचारील त्यास सांग. मी सोपी तेवढी पाळली. शिक्षा मला करावी. राईला नको."

भिवाजीपंत पुढे जाहले. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी दफ्तराची बाजू मांडणे त्यांचे काम. म्हणाले, "महाराज, चोथा उंदराचाही असेल." आवडाबाईंनी फडके सोडिले आणि म्हटले, "उंदीर कुरतडतो, पंत, आणि कुरतडून मोकळा होतो. जोगी घास तोंडात दाबून रस तेवढा गिळतो आणि उरलेले असे चपटे करून टाकतो. ह्यावर टाळूच्या वळ्या उठल्या आहेत, बोट लावून बघा." पंतांनी बोट लावण्याचे टाळिले. महाराजांनी लावून पाहिले. मग कोठीघरी सापळ्यात एक उंदीर पडला होता, त्यापुढे पेरू ठेवविला. सकाळी पाहतात तो पेरूचा भुगा आणि चोथा नाही. तेव्हा महाराजांनी फर्माविले, "चोथ्यावर राज्य चालत नाही, आणि चुकीच्या कबुलीवरही नाही. पाच दिवस कुऱ्हाडी थांबतील. पाचव्या संध्याकाळपर्यंत गणतीनिसांनी जोगी आपल्या डोळ्यांनी पाहावा. पाहिला तर शेरा बदलेल. न पाहिला तर सहाव्या दिवशी झाडे पडतील."

पंत गावी आले, ओट्यावर मुक्काम केला. पहिल्या संध्याकाळी ओढ्यापलीकडे दोघे बसले, पंत डोक्यास उपरणे तिहेरी गुंडाळून. काही दिसले नाही. आणि सकाळी पाहतात तो टांगलेला पेरू तैसाच. पंचवीस वर्षांत वादळाचे चार दिवस सोडिले तर असे जाहले नव्हते. आवडाबाईंनी पेज घेतली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तेच, दुसऱ्या सकाळी तेच. ठकूबाई पंतांपुढे ताट ठेवून म्हणाल्या, "जेवा हो. तुम्ही थोडेच लाकूड आहात. एका घरात एक लाकूड पुरे." पंतांनी ताटाकडे पाहिले, आत निजलेल्या आवडाबाईंकडे पाहिले, आणि ताट मागे सारिले. "का हो, मीठ कमी आहे?" ठकूबाई म्हणाल्या. पंत म्हणाले, "नाही. घास उतरत नाही."

तिसऱ्या सकाळीही पेरू तैसाच. आवडाबाई झाडास टेकून बसल्या, ओठ सुकलेले, मनात एकच: मी नाही म्हटले नाही, तरी तो नाही जाहला का? तेव्हा पंत, ज्यांचे नाक फार तिखट होते, बोलिले, "बाई, येथे रोज असा धूर असतो?" आवडाबाई चपापल्या. आवडाबाई राजधानीस असता राईच्या कडेस लाकूडतोड्यांचा तळ पडला होता, चुली दिवसभर पेटत, आणि वारा समुद्राकडून, सगळा धूर ओढ्याने आत. त्यांच्या ध्यानी हे आले नव्हते, कारण त्या देवीपुढे स्वतःस दोष देत बसल्या होत्या. पंत उठले, तळावर गेले आणि जन्मात प्रथम कोणावर ओरडिले. म्हणाले, "सरकारी गणती चालली आहे! चुली उचला, पलीकडल्या अंगाच्या पुळणीवर जा!" लाकूडतोडे हसत हसत गेले, तरी गेले.

चौथ्या संध्याकाळी वारा स्वच्छ होता. सूर्य पाण्यास लागला आणि ओढ्यावरील कपारीतून, जेथे वेलींचा पडदा होता, एक मोठे काळे अंग निघाले, एक गिरकी घेतली, आणि उंडीच्या फांदीस पेरूजवळ उलटे लटकले. मान भगवी. पंतांनी उपरणे दोन्ही हातांनी धरिले, पण उठले नाहीत. मग जोग्याने पंख अर्धा उघडिला, आणि पंखाखाली छातीस चिकटून मुठीएवढे एक पिलू, तोंड स्तनास लाविलेले. "बाई," पंत कुजबुजले, "हा जोगी नव्हे. ही जोगीण." आवडाबाईंनी हात जोडिले, त्यांचे डोळे वाहत होते. पंतांनी उपरणे डोक्यावरून काढून मांडीवर ठेविले आणि अंधुक उजेडात लिहिले, 'जोगी वाघूळ: माता एक, पिलू एक. समक्ष पाहिले. अखेरच्या घटकेचे.' दुसऱ्या दिवशी सकाळी चोथा पडला होता. ठकूबाईंनी दोन वाट्या पेज वाढली, आणि त्या दिवशी टोमणा मारिला नाही.

महाराजांनी वतन कायम केले, उंडीवरील चुना धुवविला, आणि डोलकाठ्यांस दुसरीकडील लाकूड पाहावयास सांगितले. आणखी दोन हुकूम जाहले. शेऱ्यांत सहावा वाढविला, 'ठाऊक नाही', आणि तो लिहिण्यात कोणी कमीपणा मानू नये. आणि मुक्या माणसाचे व मुक्या जीवाचे गप्प राहणे कबुली समजू नये. मग आवडाबाईंनी निरोप घेताना सांगितले की पुढील चातुर्मासी मौन सोडीन, कारण दोन वचने एका तोंडात मावत नाहीत. तेव्हा भिवाजीपंत बोलिले, "नेम सोडू नका. चार महिने तुम्ही फळ टांगा. विचारील त्यास सांगावयास मी येईन. चूक माझ्या लेखणीची, तर फेडही माझ्या तोंडाने होऊ द्या." दरबारात एकदोघे हसले, की पंत वाघळांत राहणार!

येणेप्रमाणे एकीने न बोलून आणि एकाने आणखी कोणास न विचारून वतन बुडत होते, ते एका आईने पंख उघडून राखिले. जोग्यांची गणती पुढल्या साली तीन भरली. तीन म्हणजे फार नव्हे, परंतु दोहोंहून अधिक. आषाढी एकादशीस पाऊस कोसळत होता. आवडाबाईंनी देवीपुढे शेवटचा शब्द उच्चारून ओठ मिटिले, आणि त्याच घटकेस राजधानीत भिवाजी अनंत यांनी टाक कलमदानात घातला, दफ्तर मेणकापडात गुंडाळिले, उपरणे डोक्यास न बांधता खांद्यावर टाकिले, आणि कोणास न सांगता राईच्या वाटेस लागले.