बेलाखालचा महादेव

सगळा देश धंद्याला लागला होता, मग मी एकटाच बँकेत चिकटून का राहू? ब्याण्णव साली मी रजनीला ठणकावून सांगितलं, "अंगणातलं हे बेलाचं झाड मला उद्योगपती करणार!"

"तुमचं हे हमेशाचंच आहे. मशरूम झालं, आता बेल! फसलं तर घरात पुन्हा धंदा हा शब्द काढायचा नाही."

"कबूल!"

फ्रीगंज बाजारातले जडीबुटीवाले गोपाळसेठ झाड बघून गेले होते. कच्च्या बेलाच्या चकत्या वाळवल्या की बेलगिरी होते. पोट बिघडलं की तिचं चूर्ण देतात. "फल कच्चा चाहिए, साहब! पका हमारे काम का नहीं." शिवरात्रीनंतर त्यांचीच माणसं तोडायला येणार होती. काटेच तसे! मी एकदा चढलो होतो, तर आठवडाभर बँकेत उभ्याने काम केलं.

अडचण शेजाऱ्यांची. बेलपत्रासाठी पहाटे येत आणि जाताना चार फळं पिशवीत टाकत. देवाच्या नावाने आलेल्यांना बोलणार काय? मग मी डोकं लढवलं. नदीवरच्या राम घाटावरून एक गोल, गुळगुळीत दगड आणला, त्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि गुपचूप बुंध्याशी ठेवला. साक्षात महादेवासमोर कोण चोरी करेल?

कोणीच केली नाही! दुसऱ्या दिवशी शेजारच्या शोभाताईंनी पाणी घातलं. सोमवारी रांग लागली. शिवरात्रीपर्यंत ओटा झाला, घंटा आली, समितीही झाली. अध्यक्ष कोण? रजनी!

गोपाळसेठ माणसं घेऊन आले, घंटा बघितली आणि चपला काढून हात जोडले. "महादेव का फल? ना साहब, हम हाथ नहीं लगाएंगे!"

मी धावत पुढे झालो. "अहो, तो दगड मीच आणलाय! स्कूटरवर, पायाशी ठेवून!"

"पायाशी?" शोभाताई किंचाळल्या. "भाऊजी, गजबच केलंत! देव स्वतः तुमच्या गाडीवर बसून आले आणि तुम्ही त्यांना पाय लावलेत?"

अकरा प्रदक्षिणा घालायला लावल्या. रजनी मोजत होती.

फळं झाडावरच पिकली. वैशाखात समितीने त्यांचं सरबत करून प्रसाद म्हणून वाटलं. कच्चा बेल पोट बांधतो आणि पिकलेला मोकळं करतो, हे सबंध कॉलनीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण देव आणणारा म्हणून पहिले तीन ग्लास माझे! प्रसादाला नाही कसं म्हणणार?

दुपारपर्यंत माझी पार दैना झाली. रजनी धावत फ्रीगंजला गेली आणि एक पुडी घेऊन आली.

"काय आहे?" मी दाराआडून विचारलं.

"बेलगिरी. गोपाळसेठकडची. विचारत होते, साहेबांचा धंदा कसा चाललाय?"

तो शब्द काढायची मला बंदी होती. शिवाय बोलत बसायला वेळही नव्हता!