जोडीदाराशी समन्वय : पंचेचाळीस गुण

जो दुसऱ्यांचा न्याय करतो त्याचाही कधीतरी न्याय व्हावा, आणि तो छापील तक्त्यात व्हावा, याबद्दल बास्केटबॉल पंच संघटनेत दुमत नाही. तक्ता शंभर गुणांचा आहे : शिट्टीचा ठामपणा वीस, हाताचा कोन वीस, गणवेशाची इस्त्री पंधरा, जोडीदाराशी समन्वय पंचेचाळीस. (निर्णय बरोबर होता का, असाही रकाना होणार होता, पानावर जागा उरली नाही.)

या तक्त्यात चष्मेवाले नावाचे एक पंच दोनदा नापास झाले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. तिसऱ्यांदा निघताना बायकोने बजावलं, "या वेळी पास व्हा. नाहीतर ती शिट्टी भंगारात देते."

जोडीदार म्हणून वाट्याला आले ड्रॉइंगचे मास्तर. माणूस सज्जन, पण शिट्टी तोंडात गेली की त्यांचे हातपाय गळत. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी एका संघाचा बॉल तीनदा दुसऱ्याला दिला आणि एकदा स्वतःच अडवला. चष्मेवाल्यांनी दोन निर्णय दुरुस्त केले. मध्यंतरात मूल्यमापक साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"नजर चांगली आहे हो तुमची," साहेब हळहळले. "समन्वयाचे दहा गुण गेले."

साहेबांचं रास्तच होतं. एका पंचाने चूक केली तर ती चूक असते. दोघांनी मिळून केली की तो निर्णय होतो.

शेवटची चार सेकंदं उरली. मुलींचा अंतिम सामना, एका गुणाचा फरक. मागे पडलेल्या संघाची मुलगी बॉल घेऊन पळाली. तिचा पाय रेषेबाहेर चांगला वीतभर पडला. मास्तर समोरच उभे होते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. चष्मेवाल्यांकडे केविलवाणं बघितलं. तेवढ्यात बास्केट झाली.

हरलेल्या संघाची कप्तान धावत आली. "सर, तुम्ही पाहिलंत ना? पाय बाहेर होता!"

चष्मेवाल्यांनी पाय पाहिला होता. बुटाची सुटलेली नाडीसुद्धा पाहिली होती.

"ती रेषा बघायचं काम त्यांचं आहे," ते म्हणाले, आणि मास्तरांकडे बघून त्यांनी ठामपणे मान हलवली. कप्तान तिथेच मटकन खाली बसली.

चष्मेवाले अठ्ठ्याऐंशी गुणांनी पास झाले. मास्तरही झाले. (समन्वय दोघांचा असतो.) बाहेर मास्तरांनी त्यांचा हात घट्ट धरला. "तुम्ही माझी लाज राखलीत." चष्मेवाल्यांनी हात सोडवून घेतला, त्यांना मास्तरांच्या तोंडाकडे बघवेना.

निकाल चुकला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दाराशी तक्रारीचा अर्ज ठेवलेला असतो. तो पाय तीनशे प्रेक्षकांनी पाहिला होता. सगळे तावातावाने बोलत आपापल्या गाड्यांकडे गेले. आपण तिथे असतात तर अर्ज नक्की भरला असतात, याबद्दल संघटनेला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच तिने त्याची एकच प्रत छापली आहे, आणि ती अकरा वर्षं पुरली आहे.