अडतीसचं बेचाळीस

"शाम्या, पॉट आत घे रे! चेडू बघतला!"

जिन्यात कुजबुजलेला हा आवाज एकतीस वर्षं शुभाच्या कानात तसाच होता. सासूबाई गेल्या, तो जिना पाडून टॉवर उभा राहिला, आवाज मात्र राहिला. त्या चेडवाला, म्हणजे शुभाला, बघायला आलेला मुलगा मग इतका ताठ आत आला, की बाबांना वाटलं, पोलीस आहे.

पोलीस कसला, औषध कंपनीत स्टोअरकीपर. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने मुलुंडच्या फ्लॅटवर पाटी ठोकली: 'श्यामसुंदर परब, खासगी गुप्तहेर. नजर घारीची, चाल मांजराची, बुद्धी स्वतःची.' आजवर त्याने सोसायटीतल्या दोन चपला आणि कुकरची एक शिट्टी शोधली होती. शिट्टी त्याच्याच खिशात निघाली, ही बाब फाइलमध्ये 'आतल्या माणसाचा हात' अशी नोंदलेली होती.

रविवारी मढच्या बंगल्यात एका मालिकेचं शूटिंग होतं आणि गुप्तहेराचं एक वाक्य त्याला मिळालं होतं: "खुनी याच खोलीत आहे!" अट एकच. लेदर जॅकेट स्वतःचं हवं, अंगाला नीट बसलेलं. नाहीतर वाक्य तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षदला. हर्षदकडे जॅकेट होतं आणि पोट नव्हतं.

माप त्याने स्वतःच घेतलं. खांदे, बाही, पाठ सुरळीत झालं. पोटाभोवती टेप फिरवताना मात्र डोळे मोठे झाले, कान लाल झाले.

"लिही, अडतीस! हाडाचा गुप्तहेर!"

शुभाने गोवंडीच्या जॅकेट शिवणाऱ्या कारागिराला मापांचा मेसेज पाठवला आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

शनिवारी सकाळी जॅकेट आलं. काळंभोर, लोण्यासारखं मऊ. तो आरशापुढे ताठ उभा राहिला, तर जॅकेट पोटापुढे पडद्यासारखं लोंबायला लागलं. कॉलरमध्ये आकडा होता बेचाळीस.

"शुभा, घातपात! कुणीतरी बेचाळीसचा इसम माझं अडतीसचं जॅकेट घालून मुलुंडभर फिरतोय. त्याला धाप लागलेली असणार!"

तो स्टेशनच्या पुलावर जाऊन उभा राहिला. तासाभरात दोनशे धापा टाकणारे संशयित मिळाले.

"टोळी मोठी आहे," घरी येऊन तो म्हणाला.

मग वाटलं, गोवंडीहून येताना उन्हाने कातडं फुगलं असेल. जॅकेट दोन तास फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवलं. बाहेर काढलं तेव्हाही बेचाळीसच, फक्त गार.

"आता एकच शक्यता. चार दिवसांत मीच चार इंच झिजलोय. कुणीतरी चहातून काहीतरी देतंय."

"चहा मीच करते."

"म्हणून तर नाव घेत नाहीये."

संध्याकाळी त्याने जॅकेट घालून वाक्य म्हणून पाहिलं. "खुनी याच खोलीत आहे" डासाच्या आवाजात बाहेर पडलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा डास. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"जाऊ दे. हर्षदला फोन लाव. त्याला शोभेल."

फोन शुभाने हातात घेतला, पण लावला नाही.

लादी पुसणाऱ्या शांताबाईंनी फडकं पिळलं. "साहेब, श्वास सोडा की!"

"काय?"

"जिन्यात एकटे असता तेव्हा तुमचं पोट तुमच्या आधी घरी पोचतं. वहिनी दिसल्या की गायब. आणि तुम्ही शोधताय जॅकेट!"

श्यामसुंदरने श्वास सोडला. एकतीस वर्षांचा श्वास तो, सावकाश सुटला. खाडीत वारं भरलेल्या शिडासारखं जॅकेट भरलं, चेन गळ्यापर्यंत अलगद सरकली.

"खुनी याच खोलीत आहे!"

खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"बेचाळीस मी लिहिलं होतं," शुभा म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आई जिन्यात काय बोलल्या, ते दाराआडून ऐकलं मी."

त्याचं पोट सवयीने झर्रकन आत गेलं. शुभाने चेनवर हात ठेवला.

"राहू द्या हो. आई बोलल्या त्याच्याही आधी दाराच्या फटीतून मी तुम्हाला बघून घेतलं होतं. पोटासकट पसंत केलं होतं."