मामा बाजारात गेलाय

आमच्या सुकापुरात हळदीचं आमंत्रण घरटी छापील पत्रिकेने जातं. हिराआत्याला मात्र तोंडी निरोप जातो, आणि तोही ‘जमलं तर या’ असा. निरोप देणारा मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलत असतो की बाईला जमू नये.

कारण हिराआत्या खरं बोलते. कुणी न विचारता, मोठ्या आवाजात, आणि बहुतेक वेळा जेवणाच्या पंगतीत. एका हळदीला नवऱ्यामुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, “सून कशी वाटली?” आत्या म्हणाली, “पोर चांगली हाय. तुज्या पोराला कशी हो बोलली, त्येच समजत नाय.” ती सून आता दोन मुलांची आई आहे, पण त्या घरातून आत्याला अजून हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही.

हिराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा वडिलांनी गावातलं घर पाडून तीन मजली बांधलं. तळमजला आत्या आणि मामांना दिला आणि वर आम्ही राहायला गेलो. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणतो. त्यांना मूल नाही. हेसुद्धा कुणी कुजबुजायच्या आत आत्याच सांगून टाकते, “मना पोर नाय. आता दुसरं काय इचारा.”

शेजारच्या बिल्डरने नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला तिला मुद्दाम बोलावून गुळगुळीत फरशी दाखवली होती. “आते, परदेशातून मागवलीय.” आत्याने अंगठ्याने फरशी चाचपली आणि म्हणाली, “पडशील यावर.” पुढच्या महिन्यात तो पडला आणि मनगट मोडून घेतलं. चूक फरशीची होती, पण गेली तीन वर्षं तो आत्याशी बोलत नाही.

तरी गाडी घ्यायची असली, मुलगी बघायची असली, की हीच माणसं मागच्या दाराने तिच्याकडे यायची. “आते, खरं सांग.” आणि आत्या सांगायची. “खोटं बोलून मना काय मिलतं?” हे तिचं ठरलेलं वाक्य. अख्ख्या गावाला ती नकोशी होती, आणि अख्ख्या गावाचा तिच्या शब्दावर विश्वास होता. दुसरं काही तिने कमावलं नव्हतं.

मामांचं सगळं उलट. तीस वर्षं जासईच्या कंटेनर यार्डांतून ट्रेलर चालवला, त्यात एक कान गेला आणि बोलायची सवयही गेली. खरंखोटं काहीच बोलायचे नाहीत. रविवारी सकाळी पनवेलच्या मच्छी मार्केटमध्ये जायचे आणि दोन माणसांसाठी सात जणांची मासळी आणायचे. आत्या पायरीवरच ओरडायची, “ही कोन खानार? तुजा बाप?” मामा हसायचे. आत्या मग अर्धी मासळी वर आमच्याकडे पाठवायची, निरोपासकट, “ताजी नाय, पन चालंल.”

मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना पोलंडमध्ये एक सत्र शिकायला जायची संधी मिळाली. वडिलांनी नाक्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला. आत्या तो बघून आली आणि म्हणाली, “पाच म्हैन्यांनी परत यील ती. मंग दुसरा लावशील काय? ‘परत आली’ म्हनून?” निघायच्या दिवशी सगळे ‘काळजी घे’ म्हणत होते. आत्याने माझी हनुवटी धरली. “रडू यील. यिऊ दे. पन मधीच पलून येऊ नको, माज्या भावाची लाज जाईल.”

रडू आलंच. त्या लहानशा गावात दुपारी तीनला अंधार व्हायला लागायचा, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी भाताला फोडणी घातली की बाकीच्या मुली खिडक्या उघडायच्या. दर रविवारी घरच्या पाच वाजता व्हिडिओ कॉल असे. आई रडायची, वडील हवामान विचारायचे. मग फोन तळमजल्यावर जायचा. आत्या स्क्रीनकडे बघून आधी निकाल द्यायची, “सुकलीस,” किंवा “फुगलीस.” मागे मामा चहा पीत हात हलवायचे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मागची खुर्ची रिकामी दिसली.

“मामा कुठायत?”

“बाजारात गेलाय.”

पुढच्या रविवारीही तेच. मी म्हटलं, “संध्याकाळी कसे गं जातात हल्ली? सकाळी जायचे ना?”

“सकालची मासली बर्फातली असते. संद्याकालची ताजी येते.”

माझा विश्वास बसला. कुणाचाही बसला असता. सांगणारी हिराआत्या होती. मग दर रविवारी मी विचारायची आणि ती सांगायची. एकदा सुरमई आणायला गेले होते, एकदा वाटेत कुणी जुना ड्रायव्हर भेटला म्हणून अडकले होते. एकदा तर म्हणाली, “आता येवडा येल फाटकाशी होता, परत गेला. कोथमीर इसरला.”

असे अकरा रविवार गेले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी परत आले. विमानतळावर वडील एकटेच आले होते. गाडीत ते जरा जास्तच बोलत होते. कुठला रस्ता झाला, उलव्यात किती टॉवर उभे राहिले, कुणी कोणती गाडी घेतली. सुकापूरच्या वळणावर सिग्नलला गाडी थांबली. तिथे एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, गॉगल लावून हात जोडलेला. त्याचा एक कोपरा वाऱ्याने फाटला होता आणि खालचा जुना फ्लेक्स दिसत होता. त्यावर अर्धे मामा होते. एक डोळा, अर्धी मिशी आणि ‘भावपूर्ण’ हा शब्द.

वडिलांनी माझी नजर बघितली. “घरी जाऊन चहा झाला की सांगणार होतो,” ते म्हणाले. गावातले मामांचे सगळे फ्लेक्स त्यांनी आदल्या दिवशी माणूस लावून काढले होते. हा दुसऱ्याच्या फ्लेक्सखाली असल्यामुळे राहून गेला.

मामा नोव्हेंबरातच गेले होते. सकाळी अंघोळीला गेले आणि बाहेर आलेच नाहीत. माझं सत्र अर्ध्यावर होतं. मी आले असते तर वर्ष गेलं असतं, म्हणून वडिलांनी ठरवलं की सांगायचं नाही. नातेवाइकांना दम भरला, चुलत भावंडांना स्टेटस टाकू दिले नाहीत. अडचण एकच होती. वडील फोनवर अडखळतात, आईला बोलायच्या आधी हुंदका येतो. मी विश्वास ठेवीन असं घरात एकच माणूस होतं.

घरी पोचले तेव्हा आत्या पायरीवर बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तोंड सुजलंय. इमानात झोपली नाय वाटतं.” मी तिच्या शेजारून जिना चढून वर गेले.

परदेशातून परत आलेल्यांच्या अडचणी लोक हसून सांगतात. रात्री झोप येत नाही, हॉर्न सहन होत नाहीत, नळाचं पाणी सोसत नाही. तेही झालं सगळं. माझी खरी अडचण वेगळी होती. मी रडायला उशिरा पोचले होते. घरातल्यांचं रडून झालं होतं. तेरावं झालं, मामांच्या नावाने पितळेच्या फुलदाण्या वाटून झाल्या, मामांचे शर्ट वीटभट्टीवरच्या आदिवासी कुटुंबाला देऊन झाले. मी तळमजल्याच्या खोलीत जाऊन रडायला लागले की आई मागून यायची. “आता नको गं. आत्या आत्ता कुठे सावरलीय.” भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, “तिकडे बर्फ होता का?” मी होता म्हणायची. “मग खायचीस काय?” याचं उत्तर अर्धं ऐकून त्या आईशी भिशीचं बोलू लागायच्या. पाच महिन्यांत माझ्या आयुष्यात काय झालं हे कुणाला नको होतं, आणि त्यांच्या आयुष्यात काय झालं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांवर मी दोन दिवस रागावले. आत्याशी तीन आठवडे बोलले नाही. वडील व्यवहारी माणूस, त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. पण आत्या? नवऱ्यामुलाच्या आईला तोंडावर सुनावणारी, डॉक्टरला ‘तुमाला येत नसंल तर तसं सांगा’ म्हणणारी आत्या? मला एकटीलाच तिने खोटं सांगितलं, तेही कोथिंबिरीसकट.

एकदा फोनमधले जुने फोटो बघत होते. मी दर रविवारी कॉल चालू असताना एखादा स्क्रीनशॉट काढत असे. डिसेंबरातल्या एका फोटोत आत्याच्या कपाळावर लाल टिकली आणि हातात हिरव्या बांगड्या होत्या. जानेवारीतल्या फोटोतही. मी आईला फोन दाखवला.

आईने चष्मा लावला, बघितलं आणि काढला. “रविवारी पावणेपाचला वर यायची,” ती म्हणाली. “माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक घ्यायची. बांगड्याही माझ्याच. मी म्हटलं, वन्सं, नुसता आवाज ऐकवा, तोंड कशाला दाखवता? तर म्हणाल्या, ती पोर डोळ्याने बघते. फोन ठेवला की टिकली काढून आरशाला लावायच्या.”

“कुणी बघितलं नाही?”

“बिल्डरच्या बायकोने बघितलं खिडकीतून. सगळ्या गल्लीत सांगितलं, नवरा जाऊन महिना झाला नाही आणि बया नटते. एकीने तोंडावर विचारलं.”

“मग आत्या काय बोलली?”

“काहीच नाही.”

खरं उत्तर जवळ असूनही हिराआत्याने आयुष्यात पहिल्यांदा ते दिलं नव्हतं. आणि ज्या गावाला ती खरी वाटत आली, त्या गावाने तिला या एका टिकलीवरून खोटं ठरवलं. मागच्या दाराने येणाऱ्यांनी येणं बंद केलं होतं. ‘स्वतःच्या कपाळाचं लपवते, ती दुसऱ्याला काय सांगणार,’ असं म्हणे.

मी खाली गेले. दुपारचे चार वाजले असतील. आत्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले.

“बाबांनी सांगितलं म्हणून बोललीस ना खोटं?” मी विचारलं. मला तिला सोडवायचं होतं. सगळा दोष वडिलांवर टाकून तिच्याशी पुन्हा बोलायला लागायचं होतं.

“पैल्या रविवारी,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या रविवारी तुजा बापच बोलला, ताई, मना नाय बरं वाटत, सांगून टाकू पोरीला. मीच बोलली, नको सांगू.”

“तू?”

“मी.”

राग यायला पाहिजे होता आणि तो आलाही. “का गं आते? माझे मामा होते ते. मला कळायला नको?”

तिने एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले, दुसरी घेतली.

“इतं सगल्यांना म्हाईत होतं,” ती म्हणाली. “कोन इचारनार? जो तो याचा आनि बोलायचा, चांगला मानूस होता. होता, होता, होता. तू एकलीच इचारायचीस, मामा कुटं हाय. मी बोलायची, बाजारात गेलाय, यील आता. फोन ठेवला तरी थोडा येल तसंच वाटायचं. फाटक वाजलं तर मान वलायची माजी.” तिने पुढची शेंग उचलली. “सोमवारपासनं ठरवत बसायची, येत्या रविवारी काय आनायला धाडू त्याला.”

रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला. तिने परातीतले दाणे हाताने सारखे केले. मग माझ्याकडे न बघता, बिल्डरला फरशीचं सांगितलं असेल त्याच आवाजात म्हणाली,

“तू आलीस, आनि त्यो मेला.”

वरून आई चहाला हाका मारत होती. मी तिच्या पुढ्यातली एक शेंग घेतली आणि सोलायला लागले.